करपलेलं मडकं

हर्षदाने दातांच्या ब्रशने खापर आतून असं लख्ख घासलं, की आईनेही नावं ठेवली नसती. पुरातत्त्व शिकायला स्कॉटलंडला येऊन तिला तिसराच आठवडा होता. उत्खननात निघालेली खापरं धुवायची, एवढंच तिला सकाळी उत्खननाच्या प्रमुख मॉराग बाईंच्या भरभर इंग्रजीतून कळलं होतं.

आता बाई शेजारच्या टेबलावर पुन्हा बजावत होत्या, "आतला काळा थर घासू नका. ते करपलेलं अन्न आहे. त्या काळी इथे काय शिजत होतं, ते त्यावरूनच कळेल."

हर्षदाने हातातल्या लख्ख खापराकडे पाहिलं. घरी पाठवलं तर? तिच्या प्रवेशाचे पेढे वाटणाऱ्या बाबांना काय तोंड दाखवायचं? कुणाचं लक्ष नाही असं बघून तिने खापर कोटाच्या खिशात सारलं. आधी नुसती चूक होती, आता चोरी झाली.

बाई नेमक्या तिच्यापाशीच थांबल्या. ट्रेमधला एक काळा तुकडा उचलून म्हणाल्या, "हे मडकं घरामागच्या खड्ड्यात पुरलेलं मिळालं. मला वाटतं, कुणा पोरीने जेवण करपवलं आणि भीतीपोटी मडकंच लपवलं."

"मग... तिला रागावले असतील?" हर्षदाने विचारलं.

"कोण रागावणार? तिने कुणाला सांगितलंच नाही. अजून घाबरलेलीच असेल बिचारी."

हर्षदाने खिशात हात घातला. तिने खापर काढून बाईंपुढे धरलं.

"बाई, हे मी घासलं."