शब्दाची फोड

"खे... झिन्स... हेर..."

बंद दाराआडून आज पुन्हा तोच पुरुषी आवाज आला. मागोमाग पद्मजा तसंच म्हणाली आणि दोघं खळखळून हसली. सौदीतल्या जुबैलच्या त्या फ्लॅटमध्ये हरिहर बूट न काढताच दाराशी उभा राहिला.

त्याच्या बायकोला, पद्मजाला, रॉटरडॅममध्ये नोकरी लागली होती. पुढच्या महिन्यात ती जाणार. तेव्हापासून मार्टाइन नावाचा कोणी डच मास्तर तिला रोज संध्याकाळी लॅपटॉपवरून भाषा शिकवत होता. त्या भाषेतले शब्द मारुतीच्या शेपटीसारखे लांबत जातात. मास्तर एकेक तुकडा पाडून द्यायचा आणि ही तो घोळवून घोळवून म्हणायची. पंधरा दिवस एकच शब्द चालला होता. इतका कसला लाडका शब्द? एकदा बाथरूममध्ये नळ सोडून हरिहरने तो म्हणून पाहिला, तर घशात बांगड्याचा काटा अडकल्यासारखं झालं. साइटवर दिवसभर 'खलास, खलास' ओरडणाऱ्या माणसाला तो खरखरीत ख काही जमला नाही.

तो नुसता जळत होता. आपल्यासोबत ही इतकी कधी हसली? नोकरीची बातमी आली त्या दिवशीच तो बोलून बसला होता, "तू जा, माझं मी बघेन." तिने नुसतं "बघू" म्हटलं, आणि तेच त्याला लागलं. आज दुपारी ऑफिसने नवा करार पुढे केला तेव्हा त्याने न वाचता सही ठोकली. आणखी तीन वर्षं जुबैल, मधे सोडायची सोय नाही. जा म्हणावं आता, मास्तराच्या गळ्यात गळा घालून ख काढत बस!

"हारी... हार," आतून मास्तर म्हणाला. पुन्हा हसणं.

आता नावसुद्धा! हरिहरने दार ढकललं. पद्मजाने घाईघाईने मास्तराचा निरोप घेतला आणि लॅपटॉप मिटला.

"माझ्या नावाची कसली टिंगल चालली होती?"

"टिंगल कसली? आपल्याकडे समास कसा फोडतात ते मी सांगत होते त्याला. हरि आणि हर." तिचा चेहरा फुलला होता. "आणि तो शब्द आला मला! ऐक. खेझिन्स म्हणजे कुटुंब. हेर म्हणजे पुन्हा. एनिखिंग म्हणजे एक होणं. दुपारी तिथल्या कचेरीत फोनवर तोच म्हटला, एका दमात."

"कचेरीत? कशाला?"

"तुझ्यासाठी, वेड्या! नवऱ्याला सोबत आणायची परवानगी हवी होती. आपलं कॅनडाला जायचं फिसकटलं तेव्हा तू महिनाभर धड जेवला नव्हतास, म्हणून पक्कं होईपर्यंत बोलले नाही. हो म्हणाले ते!" तिने त्याचे दोन्ही हात धरले. "तू फक्त यंदा करारावर सही करू नकोस, म्हणजे झालं."