दगडोबाच्या हातचे उंदीर

तीन उंदीर मेले होते, आणि पिंजऱ्यात पाणी ठेवलं होतं का, असं मल्लिनाथ सर दगडोबाला सगळ्यांसमोर विचारत होते.

दगडोबानं स्वतःच्या हातानं बाटल्या भरल्या होत्या. नांदेडच्या त्या कॉलेजात प्रयोगाचे प्राणी सांभाळता सांभाळता एकोणीस वर्षं गेली, पण बाटली कधी रिकामी राहिली नव्हती. त्यानं तसं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं नाही. उद्यापासून येऊ नका म्हणाले.

त्यानं स्वप्नालीकडे पाहिलं. उदगीरची ही पोरगी पीएच.डी.ला आली, तेव्हा उंदीर धरताना तिचे हात कापायचे. कसं धरायचं, कसं थोपटायचं, सगळं त्यानंच शिकवलं. दुपारी ती त्याच्याच डब्यातली भाकरी खायची. उंदीर घाबरला की त्याच्या रक्तात एक हार्मोन वाढतं, ते मोजायचं, असा तिचा अभ्यास. कोपऱ्यातल्या आठ उंदरांना महिनाभर दगडोबाकाकांशिवाय कुणी हात लावायचा नाही, असं तिनंच ठरवलं होतं. दगडोबाला त्याचं लई कौतुक वाटायचं.

बाटल्या भरताना ती शेजारीच उभी होती. ती बोलेल, असं त्याला वाटलं. ती खाली मान घालून वहीत लिहीत राहिली.

सर गेल्यावर एवढंच म्हणाली, "काका, जायच्या आधी ते आठ उंदीर एकेक करून धरा. रक्त घ्यायचंय."

त्यानं धरले. रोज मुकाट बसणारे उंदीर धडपडायला लागले, एक तर कडकडून चावला. शेपटीतून थेंब थेंब रक्त घेताना तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

लोह्याला घरी आल्यावर त्यानं ताट बाजूला सारलं. बायकोनं, केवळाबाईनं, नोकरी गेल्याचं ऐकलं, तरी ती धीरच देत होती.

"नोकरीचं न्हाई गं," तो म्हणाला. "पोरगी गप बसली."

सकाळी स्वप्नालीचा फोन आला. तुम्हाला कुणी काढलेलं नाही, लगेच या, असं ती सांगत होती. दगडोबाचे डोळे भरून आले. पोरगी सरांशी भांडली असणार, त्याशिवाय सर ऐकणारे नव्हते. बायकोला त्यानं दोन भाकरी जास्त बांधायला लावल्या आणि मिळेल ती एसटी धरली.

ती दारातच वाट बघत होती. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, माझ्यासाठी लई केलंस."

ती हसली आणि त्याला घाईघाईनं पिंजऱ्यापाशी घेऊन गेली. सुई, नळ्या, सगळं मांडून तयार होतं.

"काका, काल सरांनी मेलेल्या उंदरांचं निमित्त करून तुम्हाला मुद्दाम घाबरवलं, तर तुमच्या हातात उंदरांचं हार्मोन दुपटीनं वाढलं," ती म्हणाली. "आता खूश आहात तोवर पुन्हा धरा."