प्रतिज्ञेची दुसरी ओळ

परिपाठाला हात पुढे धरून सगळी शाळा थांबली होती. सातवीतल्या केतकीवर आज पहिल्यांदाच प्रतिज्ञा सांगायची पाळी आली होती. तिने एकेक ओळ म्हणायची आणि तिच्यामागून शाळेने. पहिली ओळ झाली, पण पाठ असलेली दुसरी कुठे गेली तेच तिला कळेना.

“अं...” ती माइकवर कशीबशी म्हणाली.

“अं...” पुढच्या रांगेतली पहिलीची पोरं हात ताठ धरून खणखणीत म्हणाली.

मग बाईंना हसू फुटलं, आणि केतकीलाही. हसता हसता दुसरी ओळ आपसूक तोंडात आली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुद्दाम तिलाच पुन्हा उभं केलं. या वेळी ती कुठेही अडली नाही. वर्गाकडे जाताना पहिलीतल्या एका चिमुरडीने तिचा हात ओढला.

“ताई, आज तू एक ओळ विसरलीस.”

केतकी चालता चालता थांबली. “कुठली गं?”

“ती नाही का कालची... अं!”