दोन रेघा

पट्टीवर दुसरी रेघ उमटली आणि खानझोडे मॅडमचा चेहरा खुलला. हत्तीरोगाचे कृमी रक्तात रात्रीच उतरतात, म्हणून तरुणपणी त्यांनी गावंच्या गावं झोपेतून उठवून रक्त घेतलं होतं आणि शिव्या खाल्ल्या होत्या. तेव्हाच त्यांच्या मनाने घेतलं, की हा रोग भर दुपारी, एका थेंबात कळला पाहिजे. त्या ध्यासात सगळी नोकरी प्रयोगशाळेत सरली. आज अंगणवाडीच्या ओट्यावर त्यांच्या पट्टीने तो पकडला, तोही पाय सुजायच्या आधी.

समोर बोट दाबून बसलेली सुकेशिनीही पट्टीकडेच बघत होती. तिचा चेहरा मॅडमपेक्षा जास्त खुलला.

“दोन रेघा आल्या,” ती हळूच म्हणाली. “म्हंजे मले दिवस गेले ना, मॅडम? लग्नाले आठ वर्सं झाली.”

पट्टीचा कागद, रंग, किंमत, सगळ्यावर मॅडमनी डोकेफोड केली होती. दोन रेघांची गावातल्या बाया वेगळ्याच कारणासाठी वाट बघतात, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“ही ती पट्टी नाही, ताई,” त्यांनी तिचा हात धरून सांगितलं. “ही हत्तीरोगाची. पण रोग वेळेवर सापडला. गोळ्या घेतल्या की पाय चांगला राहील.”

सुकेशिनीने डोक्यावरचा पदर सारखा केला. पट्टी उचलून दोन्ही रेघा पुन्हा एकदा पाहिल्या आणि ती परत मॅडमच्या हातात दिली.

“पाय तं माहा चांगलाच होता, मॅडम.”