हसणारा तांडा

बैलगाडी तांड्याशी थांबली, तरी धनीबाईला वाटलं, आपण अजून आश्रमातल्या खाटेवरच आहोत. बारा वर्षं दुपारी डोळा लागला, की हाच तांडा दिसायचा. हाच मोहाच्या फुलांचा वास, हेच ताकासारखं पातळ ऊन. महारोग बरा झाल्याचा डाक्टरांचा कागद तिने कमरेला खोचला होता, तो मात्र स्वप्नात कधी नव्हता.

किन्हीराजा गावाजवळचा तो अख्खा तांडा गोळा झाला होता. तांड्याचे प्रमुख हेमसिंग नाईकांनी राम राम केला. मागच्या बायका हसल्या. सगळ्याच्या सगळ्या, दात दाखवून.

धनीबाई खाली उतरली, पण गाडीचं चाक सोडेना.

बंजाऱ्यांची रीत अशी, की बाई खूप दिसांनी भेटली तर आधी गळ्यात पडून रडायचं. मोठ्यानं, सुरात, मागचं सगळं सांगत. ख्यालीखुशाली मग. स्वप्नात तिची जाऊ गोमती इतकी रडायची, की धनीबाई जागी व्हायची ती ओल्या डोळ्यांनी. आणि आज तीच गोमती चार हात दूर उभी राहून हसत होती! धनीबाईने आपली आखडलेली बोटं पाहिली. बरोबरच आहे बाप्पा. कागद पाहून कोण गळ्यात पडते?

"चाला बाई माघारी," ती सोबतच्या पानाबाईला म्हणाली. "मले इथं कोनी नाही."

पानाबाई आश्रमाची सेविका, कारंज्याच्या जैन घरातली, मनाने लोणी. ती गोंधळलीच. "अहो, सगळे किती आनंदात आहेत! मी आठ दिवसांआधीच येऊन यांना बजावलं होतं, कोणी रडायचं नाही, हसून घ्यायचं. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"तुमी सांगतलं?"

गोमतीचे ओठ थरथरत होते. "बाई, आता तरी रडू द्या व," ती पानाबाईला म्हणाली. "सकायपासून दाबून राह्यली मी. मरून जाईन ना!"

पानाबाईची मान हलायच्या आत ती धावली. धनीबाईची आखडलेली बोटं तिने स्वतःच आपल्या मानेवर ओढून घेतली आणि असा गळा काढला, की बैल बिचकले. मग मागच्या बायकांतली पंचफुला आली, रुपाबाई आली. घामाचा, चुलीच्या धुराचा वास धनीबाईला चहूकडून बिलगला. आपण जाग्या झालो, की आणखी खोल झोपलो, तिला कळेना.

गोमती रडता रडता सांगत होती. मोठा मोह वादळात पडला. नाईकाची लाल गाय मेली. सासू तुझं नाव घेत गेली.

धनीबाईने एकदम तिचं तोंड धरलं.

"थांब व गोमती! सासूसाठी मले येगळं रडू दे. ते माही बी सासू होती."