दुधातली गोळी

"गोळी दुधातून देता?" कंपवात झालेल्या पेंढारकरांना तपासायला घरी आलेल्या सिस्टर एस्थरनी विचारलं.

"हो, साय घालून. ताकद यावी म्हणून," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"दुधामुळेच ती लागू पडत नसावी. नुसत्या पाण्याबरोबर द्या, दूध तासाभरानं."

नवऱ्याचे हातपाय वर्षभर का आखडत गेले, ते कुमुदिनीबाईंना उमगलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

पंधरवड्यानं एका सकाळी दाराची बेल वाजली. पेंढारकर आपणहून उठले आणि दार उघडून पेपर घेऊन आले. बायकोचे डोळे भरलेले पाहून म्हणाले, "दूध मीच मागायचो गं. गोळी कडू लागायची."

त्यांनी ते कधीच मागितलं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.