अंगठ्याचा कौल

"पंखा बंद कर पोरी," हौसेराव म्हणाले. "पाणी सुकतंय."

संघप्रियाने पंखा बंद केला आणि परत टेबलाशी येऊन उभी राहिली. तिची पट्टी हौसेरावांच्या पुढ्यात ओल्या फडक्यावर ठेवलेली होती. ही चौथी. आधीच्या तिन्ही त्यांनी नापास केल्या होत्या. हीही गेली तर उद्यापासून तुर्भ्याच्या या गाळ्यात तिने यायचं कारण नव्हतं. नंदकुमार साहेबांनी तोंडावरच सांगून टाकलं होतं, सहा महिने दिले, आज फायनल.

गाळ्यात तिला सगळे दगडच म्हणत. दगड कसला, पोलादाची पट्टी ती, वर निकेलच्या मुलाम्यात घट्ट बसवलेली हिऱ्याची भुकटी. हॉटेलातले आचारी तिच्यावर सुऱ्यांना धार लावतात. संघप्रियाने आपल्या पट्टीला बारीक भोकं ठेवली होती. घासून निघालेलं लोखंड त्यांत जमावं आणि साबणाच्या पाण्याने ब्रश मारला की पट्टी पुन्हा नव्यासारखी व्हावी, असा तिचा हिशोब. कल्पना तिची होती आणि तीनदा झालेली फजितीही तिचीच.

पहिल्या वेळी हौसेराव म्हणाले, दाणा चावतोय. तिने मुलामा वाढवला. दुसऱ्या वेळी म्हणाले, धार एकसारखी येत न्हाई. तिने भोकांच्या जागा बदलल्या. तिसऱ्या वेळी तर नुसती मान हलवली. दर वेळी तिने पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि दर वेळी तिला तीत काही म्हणता काही खोट दिसली नाही. मग बाई काय करणार? तिने आपल्याच डोळ्यांना नावं ठेवली.

कारण हौसेरावांच्या अंगठ्यापुढे बोलायची तिथे कुणाची छाती नव्हती. आठ वर्षांपूर्वी मशीनने पास केलेला अख्खा माल या माणसाने नुसता अंगठा फिरवून अडवला होता. साहेबांनी ऐकलं नाही. पंधरा दिवसांत तो माल जसाच्या तसा परत आला. तेव्हापासून साहेब मशीनचा कागद बाजूला सारत आणि विचारत, हौसेराव काय म्हणतात?

"चहा घ्या काका."

स्टीलचे ग्लास इतके तापले होते की तिने ते ओढणीत धरून आणले होते. हौसेरावांनी आपला बिनसाखरेचा ग्लास सरळ मुठीत घेतला आणि सावकाश पिऊ लागले. चाळीस वर्षं लोखंडात घातलेले हात, त्यांना चटका तो काय बसणार.

तेवढ्यात साहेब फोन हातात घेऊनच आत आले. "हौसेराव, तुमची एक चप्पल तिकडे दारात राहिलीय."

हौसेरावांनी खाली पाहिलं. खरंच, एक पाय अनवाणी होता. "कामाच्या नादात व्हतंय असं," ते हसले.

साहेबही हसले. संघप्रियाला मात्र हसू फुटेना. तिचा सगळा जीव त्या पट्टीत अडकला होता.

"पार्टी लाइनवर थांबलीय," साहेब म्हणाले. "हो की नाही, एवढंच सांगा."

"दम धरा साहेब. दगड पळून जात न्हाई."

त्यांनी एक बोथट सुरी उचलली, पट्टीवर पाणी शिंपडलं आणि पातं फिरवायला सुरुवात केली. अगदी हलक्या हाताने. हिऱ्यावर जोर करायचा नसतो, हे त्यांनीच तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. दहा वेळा एका अंगाने. मग त्यांनी सुरी उचलली.

एका अंगाने धार नीट लागली, की पात्याच्या दुसऱ्या अंगाला केसाहून बारीक कोर उठते. ती डोळ्यांना दिसत नाही, बोटालाच लागते. हौसेरावांनी डोळे मिटले आणि अंगठा पात्यावरून आडवा ओढला. एकदा, मग पुन्हा एकदा. त्यांनी सुरी उलटी केली, दुसऱ्या अंगाने दहा वेळा फिरवली, मग आलटून पालटून, शेवटी शेवटी अगदी नाजूक.

"काका, काहीतरी बोला ना."

"अंगठ्याला बोलू दे की."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"जमलं," हौसेराव म्हणाले.

"नक्की?" साहेबांनी विचारलं.

"ह्या अंगठ्यानं कधी खोटं सांगितलंय का तुम्हाला?"

साहेबांनी संघप्रियाकडे पाहून मान डोलावली. "कायम नोकरीचं पत्र उद्या ऑफिसातून घेऊन जा," असं म्हणून ते फोन कानाला लावतच बाहेर गेले. "हां, पास झाली. आमच्या माणसाने स्वतः बघितली," हे दारापलीकडून स्पष्ट ऐकू आलं.

संघप्रिया मटकन स्टुलावर बसली. आईला फोन करायला हवा, एवढंच तिच्या मनात आलं. डोळे भरून आले, ते तिने पुसलेही नाहीत.

"काका, आता खरं सांगा," ती म्हणाली. "आधीच्या तीन पट्ट्यांत नेमकं काय कमी होतं? मला शिकायचंय."

"सांगून समजत न्हाई, हाताला कळाय लागतंय ते." हौसेरावांनी सुरी पट्टीच्या वर आडवी धरली आणि धारेच्या लांबीवरून अंगठा सरकवला, मुठीपासून टोकापर्यंत. "हे बघ. कोर गेली का न्हाई? लोण्यागत लागतंय. त्या तिन्हींत असं लागतच नव्हतं."

त्यांनी अंगठा पुन्हा तसाच फिरवला. मग आणखी एकदा, जरा दाबून.

संघप्रिया वाकून बघत होती. त्यांच्या अंगठ्याला उभी चीर पडली होती आणि तिच्यातून थेंबामागून थेंब खाली पट्टीवरच्या पाण्यात पडत होता.

हौसेरावांचंही लक्ष पट्टीकडे गेलं. लाल होत चाललेल्या पाण्याकडे ते बारीक डोळे करून बघत राहिले. अंगठा तसाच धारेवर फिरत होता.

"पोरी," ते म्हणाले, "गंजतोय गं तुझा दगड."